२१४७४८३६४७ : एकेकाळी 'निरुपयोगी' ठरलेला हा आकडा आज यूट्यूबपासून विमानापर्यंत सगळ्यांना का नडतो?

समजा, कुणीतरी तुमच्यासमोर दोन पर्याय ठेवले. पहिला, आत्ताच्या आत्ता रोख १० लाख रुपये. दुसरा, १ जानेवारीला फक्त १ पैसा, २ जानेवारीला २ पैसे, ३ तारखेला ४ पैसे, ४ तारखेला ८ पैसे. असं रोज दुप्पट करत ३१ जानेवारीपर्यंत पैसे मिळत राहणार.

तुम्ही काय घ्याल?

बहुतेक जण १० लाख उचलतील. कारण अर्धा महिना सरला, १५ जानेवारी उजाडली, तरी दुसरा पर्याय घेणाऱ्याच्या हातात एकूण जमलेले असतात ३२७ रुपये ६७ पैसे. विसाव्या दिवशी दहा हजारांच्या थोडं वर. तोवर १० लाखवाला हसत असतो.

पण २७ तारखेला चित्र पालटतं. त्या दिवशी एकूण रक्कम १३ लाखांच्या पुढे जाते. आणि ३१ जानेवारीच्या रात्री हिशेब केला तर एकूण पैसे भरतात २,१४,७४,८३,६४७. म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये आणि ४७ पैसे!

आजचा लेख या पैशांबद्दल नाही. तो आहे या शेवटच्या आकड्याबद्दल. २१४७४८३६४७.

हा आकडा तुमच्या नकळत तुमच्या आयुष्यात अनेक ठिकाणी दडलेला आहे. त्याने यूट्यूबला मोजणी बदलायला लावली, विमानं बनवणाऱ्यांना घाम फोडला आणि २०३८ सालातल्या एका सकाळची तारीख त्याने आत्ताच पक्की करून ठेवली आहे. चला, बघूया या आकड्यात एवढं आहे तरी काय.

आधी तो तयार कसा होतो ते पाहू

पैशांच्या हिशेबात एक गंमत आहे. कुठल्याही दिवशी मिळणारी रक्कम ही आदल्या सगळ्या दिवसांच्या एकूण रकमेपेक्षा बरोबर एकाने जास्त असते. पहिल्या तीन दिवसांचे मिळून १ + २ + ४ = ७ पैसे, आणि चौथ्या दिवशी मिळतात ८. पहिल्या चार दिवसांचे १५, पाचव्या दिवशी १६.

म्हणजे ३१ दिवसांची एकूण रक्कम हवी असेल तर बेरीज करत बसायची गरज नाही. बत्तिसाव्या दिवशी किती मिळाले असते ते काढा आणि त्यातून १ वजा करा. बत्तिसाव्या दिवशी मिळाले असते २ चा ३१ वा घात, म्हणजे २ ला २ ने असं एकूण एकतीस वेळा २ घेऊन गुणायचं. उत्तर येतं २१४७४८३६४८. त्यातून १ गेला की आपला आकडा हजर.

दोनच्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या अशा संख्यांना गणितात मर्सेन यांचं नाव जोडलेलं आहे. मारँ मर्सेन हे फ्रान्समधले एक धर्मगुरू होते. १६४४ मध्ये त्यांनी एक यादी दिली. दोनचा कितवा घात घेऊन १ वजा केला तर मूळ संख्या मिळते, याची ती यादी होती.

मूळ संख्या म्हणजे काय, ते शाळेत शिकलो आहोत. जिला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेच पूर्ण भाग जात नाही ती. उदाहरणार्थ २, ३, ५, ७, ११, १३.

मर्सेन यांच्या यादीत ३१ हा घात होता. म्हणजे २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे असं त्यांचं म्हणणं होतं. पण सिद्ध कुणी केलं होतं?

कुणीच नाही.

जवळजवळ आंधळ्या झालेल्या माणसाने सोडवलेलं कोडं

एखादी संख्या मूळ आहे हे तपासायचा सरळ मार्ग म्हणजे तिला भागून बघणं. अर्थात, सगळ्याच संख्यांनी भागावं लागत नाही. तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. आपल्या आकड्याचं वर्गमूळ आहे ४६३४० च्या थोडं पुढे. तिथपर्यंत साधारण ४८०० मूळ संख्या येतात.

कॅल्क्युलेटर नाही. कागद, बोरू आणि डोकं. दहा आकडी संख्येला भागायला एका वेळी ५ मिनिटं धरली तर ४०० तास लागतील. त्यात एक भागाकार चुकला की सगळं मुसळ केरात.

लिओनार्ड ऑयलर यांनी हे काम अंगावर घेतलं. जन्म स्वित्झर्लंडचा, वास्तव्य रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये. एका डोळ्याची दृष्टी तरुणपणीच गेली होती, आणि १७७२ च्या सुमारास दुसऱ्या डोळ्यानेही जवळजवळ दिसेनासं झालं होतं. तरीही त्या वर्षी बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगून टाकलं की २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे.

कसं काढलं असेल? ऑयलर यांनी भागाकार केले, पण त्याआधी कुठले भागाकार करायची गरजच नाही ते शोधलं.

हे समजायला एक लहान उदाहरण घेऊ. २ चा ११ वा घात २०४८. त्यातून १ गेला की २०४७. ११ ही मूळ संख्या आहे, तेव्हा २०४७ पण मूळ असेल असं वाटतं. पण तसं नाही. २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

आता हे दोन विभाजक नीट बघा. २३ मधून १ काढला की २२ उरतात. ८९ मधून १ काढला की ८८ उरतात. दोन्हींना २२ ने भाग जातो, आणि २२ म्हणजे ११ ची दुप्पट! हा योगायोग नाही. अशा संख्येला ज्या मूळ संख्येने भाग जाईल, तिच्यातून १ काढल्यावर घाताच्या दुपटीने भाग गेलाच पाहिजे, असा नियम आहे.

दुसरी अट अशी की त्या विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. २३ ला ८ ने भागा, बाकी ७. ८९ ला भागा, बाकी १. बरोबर जुळतं.

हेच दोन नियम ३१ व्या घाताला लावले, तर २१४७४८३६४७ चा विभाजक फक्त दोनच प्रकारचा असू शकतो. २४८ च्या पटीत १ मिळवून येणारा, नाहीतर २४८ च्या पटीत ६३ मिळवून येणारा. बाकी सगळ्यांची तपासणी न करताच सुट्टी!

वर्गमुळापर्यंत असे उमेदवार उरतात जेमतेम ३७२. पाच मिनिटांच्या हिशेबाने ४०० तासांचं काम आलं ३१ तासांवर. त्यातल्या एकाही उमेदवाराने भाग जात नाही. म्हणजे संख्या मूळ आहे. विषय संपला.

मर्सेन यांची यादी मात्र सगळीच खरी निघाली नाही. त्यांनी ६७ वा घातही यादीत घेतला होता. १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ फ्रँक कोल यांनी दाखवून दिलं की ती संख्या १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार आहे. पण ३१ च्या बाबतीत मर्सेन बरोबर होते.

'हिच्या पुढे कुणी जाणार नाही'

ही संख्या मूळ आहे हे कळल्यावर गणितात आणखी एक दार उघडलं. ते आहे परिपूर्ण संख्यांचं.

६ ला कशाकशाने भाग जातो? ६ सोडून १, २ आणि ३ ने. त्यांची बेरीज पुन्हा ६. तसंच २८ चं. १ + २ + ४ + ७ + १४ = २८. ज्या संख्येच्या विभाजकांची बेरीज तीच संख्या देते, ती परिपूर्ण संख्या.

युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच कृती सांगून ठेवली होती. दोनच्या घातातून १ वजा करून मूळ संख्या मिळाली, की तिला दोनच्या एक पायरी खालच्या घाताने गुणा. परिपूर्ण संख्या तयार. ३ ला २ ने गुणलं की ६, ७ ला ४ ने गुणलं की २८.

२१४७४८३६४७ ला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की येतात २३०५८४३००८१३९९५२१२८. लहानाकडून मोठीकडे मोजत गेलं तर ही आठवी परिपूर्ण संख्या.

१८११ मध्ये इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी आपल्या पुस्तकात या संख्येबद्दल एक भाकीत केलं. त्यांच्या मते आजवर सापडेल त्यातली ही सर्वांत मोठी परिपूर्ण संख्या ठरणार होती. कारण अशा संख्या नुसत्या कुतूहलाच्या, त्यांचा उपयोग काहीच नाही, मग यापुढची शोधायचे कष्ट कोण घेणार?

बार्लो दोन्ही बाबतींत चुकले.

शोध थांबला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेली मर्सेन मूळ संख्या २ च्या १३६२७९८४१ व्या घातातून १ वजा करून मिळते. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. आणि 'उपयोग काय?' या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हातातल्या मोबाईलमध्ये आहे.

कॉम्प्युटरचे ३२ कप्पे

कॉम्प्युटरला ० ते ९ असे दहा अंक कळत नाहीत. त्याच्याकडे ० आणि १ एवढंच. संख्या साठवायची तर तो एका ओळीत छोटे छोटे कप्पे घेतो आणि प्रत्येकात ० किंवा १ ठेवतो.

पहिल्या कप्प्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८. ओळखीचं वाटतंय ना? तेच जानेवारीतले पैसे!

अनेक वर्षं एका पूर्ण संख्येसाठी ३२ कप्पे देण्याची पद्धत रूढ होती. त्यातला एक कप्पा संख्या अधिक आहे की उणे, हे सांगायला राखून ठेवतात. उरतात ३१. हे सगळे ३१ कप्पे १ ने भरले की एकूण किंमत होते २१४७४८३६४७.

आता यात आणखी १ मिळवला तर?

जुन्या गाडीचा किलोमीटरचा काटा आठवा. ९९९९९ नंतर एक किलोमीटर गेलं की ०००००. इथे त्याहून वाईट होतं. हातचा सरकत सरकत थेट चिन्हाच्या कप्प्यात जातो आणि संख्या उणे होऊन बसते. २१४७४८३६४७ नंतर अनेक कॉम्प्युटर मोजतात उणे २१४७४८३६४८!

इथे एक गैरसमज टाळायला हवा. ही संख्या मूळ आहे म्हणून कॉम्प्युटरची मर्यादा झाली, असं नाही. मर्यादा आली ती ३१ कप्प्यांमुळे. ती मूळ निघाली हा निव्वळ योग. १६ कप्प्यांची मर्यादा ३२७६७ आहे (१५ जानेवारीची आपली जमा आठवा), पण ती मूळ नाही, तिला ७ ने भाग जातो. ६४ कप्प्यांची मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७, तिलाही ७ ने भाग जातो.

हा योग मात्र कामी आला. कॉम्प्युटरवर सहज घडल्यासारखे वाटणारे आकडे तयार करायची एक गाजलेली पद्धत आहे. आधीच्या आकड्याला १६८०७ ने गुणायचं, २१४७४८३६४७ ने भागायचं आणि उरलेली बाकी पुढचा आकडा म्हणून घ्यायची. भाजक मूळ आणि गुणक नीट निवडलेला, म्हणून १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदा येऊन जाईपर्यंत पुनरावृत्ती होत नाही.

जेव्हा आकडा खरंच नडला

२०१२ मध्ये आलेलं 'गंगनम स्टाइल' गाणं आठवतंय? घोड्यावर बसल्यासारखा तो नाच गणपतीच्या मिरवणुकीतही झाला होता. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने जाहीर केलं की या व्हिडिओच्या व्ह्यूज ३२ कप्प्यांच्या मर्यादेपलीकडे गेल्या. २१४ कोटींहून जास्त वेळा कुणी एखादा व्हिडिओ बघेल, असं मोजणी तयार करणाऱ्यांना वाटलंच नव्हतं. त्यामुळे मोजणी ६४ कप्प्यांवर न्यावी लागली.

ही झाली गंमत. पुढची गोष्ट गंमतीची नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ विमानांबाबत एक आदेश काढला. विमानाच्या जनरेटरचं नियंत्रण करणारी यंत्रं सलग २४८ दिवस चालू राहिली, तर त्यांच्या आतली मोजणी मर्यादा ओलांडते आणि विमानाची मुख्य वीज एकाच वेळी जाऊ शकते, असं त्यात म्हटलं होतं. हा दोष प्रयोगशाळेतल्या चाचणीत लक्षात आला. तोडगा काय, तर ठरावीक दिवसांनी वीज पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायची.

२४८ च दिवस का? सेकंदाचा शंभरावा भाग असं मोजत २१४७४८३६४७ पर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते काढा. उत्तर येतं २४८ दिवस आणि साधारण १३ तास. हिशेब चोख जुळतो. (ऑयलर यांच्या कृतीतही २४८ आला होता, पण तो मात्र योगायोग!)

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर तुमचा मोबाईल नंबर घ्या. भारतातले मोबाईल नंबर दहा आकडी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे संख्या म्हणून पाहिलं तर प्रत्येक नंबर २१४७४८३६४७ पेक्षा मोठाच! नवशिक्या प्रोग्रामरने नंबर साठवायला ३२ कप्प्यांची जागा दिली, तर काही डेटाबेस तक्रार न करता जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या लिहून टाकतात. मग यादीतल्या प्रत्येक ग्राहकापुढे एकच नंबर दिसतो. कुठला, ते आता तुम्हाला सांगायला नको.

१९ जानेवारी २०३८, सकाळी ८:४४

सगळ्यात मोठी परीक्षा अजून व्हायची आहे.

असंख्य कॉम्प्युटर तारीख आणि वेळ एकाच आकड्यात साठवतात. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या वेळेनुसार, किती सेकंद झाले तो आकडा. ही मोजणी ३२ कप्प्यांत असेल तर २१४७४८३६४७ वा सेकंद येतो १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी. भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं आणि ७ सेकंदांनी.

त्याच्या पुढच्या सेकंदाला मोजणी उणे होईल आणि अशा यंत्राला वाटेल की आपण डिसेंबर १९०१ मध्ये आहोत.

मग व्याज किती दिवसांचं धरायचं? पासवर्डची मुदत संपली की नाही? मीटरवरचं रीडिंग कधीचं? तारखेवर अवलंबून असलेली प्रत्येक गोष्ट गोंधळात पडू शकते. आणि यासाठी २०३८ उजाडायची वाटही पाहावी लागत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत २० वर्षांचं गृहकर्ज घेतलं असेल, तर त्याचा शेवटचा हप्ता त्या तारखेनंतरचा आहे. म्हणजे पुढच्या तारखा मोजणाऱ्या सॉफ्टवेअरसमोर हा प्रश्न येऊनही गेला.

घाबरायचं का? नाही. आजचे नवे मोबाईल आणि कॉम्प्युटर बहुतांशी ६४ कप्प्यांची मोजणी वापरतात. ३२ कप्प्यांच्या यंत्रांसाठीही लिनक्सने २०२० मध्ये सोय करून ठेवली आहे. ६४ कप्प्यांत सेकंद मोजले तर ते सुमारे २९,२०० कोटी वर्षं पुरतात. विश्वाचं आजवरचं वय आहे साधारण १,३८० कोटी वर्षं. तेवढं पुरे!

खरी काळजी आहे ती भिंतीत, कारखान्यात, तळघरात एकदा बसवली की वीस-वीस वर्षं कुणी ढुंकूनही न पाहणाऱ्या यंत्रांची. नियंत्रक यंत्रं, जुने राउटर, मीटर. त्यांच्यातलं सॉफ्टवेअर कुणी बदलायचं, हाच प्रश्न आहे. सन २००० च्या वेळी 'वायटूके'ची अशीच धास्ती होती. तेव्हा फार मोठा घोटाळा झाला नाही, कारण हजारो प्रोग्रामरनी आधीच बसून कोड दुरुस्त केला होता. त्यात भारतीय हातही भरपूर होते. काहीच घडलं नाही म्हणून 'उगाच बोभाटा होता' असं म्हणणारे तेव्हाही होते आणि २०३८ नंतरही असतील.

तेव्हा १९ जानेवारी २०३८ ला सकाळी पावणेनऊच्या आधी चहा घेताना एकदा घड्याळाकडे बघा. ८:४४ झाले आणि दिवे चालू, फोनवर तारीख बरोबर, बँकेचा मेसेजही वेळेवर, असं असेल तर समजा की कुणीतरी वेळेत कप्पे वाढवून ठेवले होते.